पाठीमागचं पाणी

दादाला कुठे उभं करायचं, ते ती आधी डोळ्यांनीच जोखायची. धबधबा असो, तळं असो, की ढगात डोकं खुपसून बसलेला डोंगर असो, स्टँडवर कॅमेरा चढला की तिचा पहिला हुकूम ठरलेला.

"दादा, जा. त्या दगडापाशी उभा राहा."

दादा जायचा. छत्री, पाण्याची बाटली, तिचे ओले बूट, हातात जे असेल ते घेऊन तसाच उभा राहायचा.

"डावीकडे सरक. अजून. हां. आता हलू नकोस."

तो हलायचा नाही. त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर ती फोकस बसवायची, उजेड जोखायची, एक फोटो काढून बघायची. मग दुसरा हुकूम, "आता हो बाजूला." दादा बाजूला व्हायचा आणि मग खरा फोटो निघायचा. तो कॅलेंडरवर चढायचा, बँकेत, दातांच्या दवाखान्यात, सलूनच्या आरशाशेजारी वर्षभर लटकायचा. बघणारे म्हणायचे, काय जागा आहे हो, माणसाचा मागमूस नाही!

माणूस नुकताच बाजूला झालेला असायचा.

दादा वीज कंपनीत मीटर वाचायचा. आठवडाभर लोकांच्या जिन्यांखाली वाकायचा आणि सुट्टी आली की धाकट्या बहिणीमागे डोंगर चढायचा. निवृत्त झाल्यावर तर रोजच सुट्टी. पण त्याचा एक डोळा कधीच मावळला होता, आणि आता दुसराही कलायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ऑपरेशन केलं तर नजर राहील, कदाचित राहणारही नाही. केलं नाही, तर मात्र जाणारच." पुढच्या आठवड्यातली तारीख ठरली.

मधले हे थोडे दिवस तिच्या उरावर बसले. दादाला काय काय दाखवू आणि काय नको, असं तिला झालं. वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं कॉम्प्युटर मांडला आणि जुने फोटो धुंडाळायला घेतले. खरे फोटो आणि त्यांच्या आधीचे दादाचे फोटो, सगळे एकाखाली एक. वहिनी शेजारी बसून शेंगा सोलत होती. वहिनीला एक खोड होती, घरातल्या कुणावरही उभ्या उभ्या दोन ओळी जुळवायची. शेंग सोलता सोलता तिचं लक्ष पडद्यावर गेलं, आणि तिनं सूर लावला,

"नणंद माझी गुणाची, धबधबे गोळा करी,
नवरा माझा उभा, पाठ त्याची पाण्यावरी."

ती हसली. मग हसता हसता थांबली. पुन्हा वरपासून आपले फोटो बघत गेली. धबधबा, दादाची पाठ धबधब्याकडे. दरी, दादाची पाठ दरीकडे. उगवता सूर्य, मावळता सूर्य, बर्फ, समुद्र. सगळीकडे दादा तिच्याकडे तोंड करून, खांबासारखा.

"दादा!" तिनं बाहेरच्या खोलीत हाक मारली. "अरे, तू कधी वळून बघितलंस तरी का?"

"तूच म्हणायचीस ना, हलू नकोस," बाहेरून शांत उत्तर आलं.

"आणि बाजूला झाल्यावर?"

"बाजूला झाल्यावर तुझं सामान कोण राखणार? माकडं?"

"वन्सं," वहिनी म्हणाली, "माझ्या लग्नातसुद्धा फोटोवाल्याकडे बघत होते हे. माझ्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्याला तळ्यावर घेऊन गेली. तिचं सगळ्यात गाजलेलं तळं. पाणी निजलेल्या लेकरासारखं, पलीकडचा डोंगर त्यात उलटा टांगलेला, काठच्या गवतावर अजून दव. दादा चालत नेहमीच्या दगडापाशी गेला आणि सवयीनं तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे तिकडे बघ, तिकडे! माझ्याकडे काय बघतोस?"

दादा वळला. बराच वेळ बघत राहिला. ती मागे उभी, निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारखी.

"छान आहे," दादा म्हणाला. "बरंच पाणी आहे."

"बरंच पाणी आहे? दादा, या पाण्यासाठी माणसं विमानानं येतात!"

"येऊ देत की. मी कुठे नको म्हणतोय."

तिचा चेहरा उतरला. दादानं तो बघितला. त्याला जवळचं अजून दिसत होतं. तो दगडावर बसला, तिलाही बसवलं.

"मला हे नवं नाही गं. ऊन ढगाबाहेर आलं की तुझ्या भुवया वर जायच्या. वारा पडून पाणी थांबलं की तू श्वास धरायचीस. धुकं उतरलं की तोंड एवढंसं व्हायचं. मी कशाला वळू? माझ्या मागे काय चाललंय ते सगळं समोरच दिसायचं मला. फुकटात."

ती उगाच भिंग पुसत राहिली. स्वच्छ होतं तेच पुन्हा स्वच्छ केलं.

"मग तुला काय बघायचंय?" शेवटी तिनं विचारलं.

"हसशील."

"नाही हसणार."

"जिने."

ती हसली.

"बघ. हसलीस."

पण गेली. तळी, दऱ्या सगळं सोडून त्याच्यामागे जिने उतरत गेली. छापखान्यामागच्या इमारतीची पायरी मधोमध झिजून चमच्यासारखी खोलगट झाली होती. शिंप्याच्या मागच्या बोळात चिंध्यांच्या ढिगाऱ्यावर मांजर वेटोळं करून झोपलेलं. "हिच्या आजीच्या आजीला मी ओळखतो," दादा म्हणाला, "तीही इथेच झोपायची." आणि त्याच्या जुन्या हद्दीतल्या शेवटच्या घरी, जिन्याखाली, मीटरांच्या रांगेशेजारी, गळक्या नळीतून पाणी ठिबकत होतं आणि विटांच्या फटीतून हिरवंगार नेचं उगवलं होतं.

"हा माझा धबधबा," दादा म्हणाला. "जा. काढ फोटो."

तिला जमेना. स्टँडचे पाय उघडायला जागा नव्हती. उजेड नव्हता. दूर उभं राहून बघायची सवय जडलेली ती. इथे दूर जायचं म्हटलं तर पाठीला भिंत. शेवटी गुडघे टेकले. दादानं टॉर्च घेतला, आणि थेंबावर न मारता भिंतीलगत तिरपा धरला. थेंब पेटला. तिचा श्वास थांबला.

"हां," दादा तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "आलं चांगलं."

आवाज ऐकून तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. "मीटरवाले? अहो, तुम्हाला तर घरी बसवलं ना? आता काय वाचायला आलात?"

"वाचायला नाही आजी, बघायला."

"बघण्याचं बिल येत नाही ना?"

"आलं तर माझ्या नावावर लावा."

आजींनी न सांगता आतून स्टूल आणून ठेवलं. वरच्या मीटरसाठी दादा त्यावर चढायचा. आज तो चढला नाही. त्यानं वाकून स्टुलावर हात फिरवला, जुन्या बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "याचे उपकार आहेत," म्हणाला. "डुगडुगलं, पण कधी पाडलं नाही. आणि तुमचेही, आजी. मी आलो की दिवा लावायचात."

"इश्श, दिवा तर मी माझ्यासाठी लावायचे. कोण आलंय ते कळावं म्हणून!" आजी म्हणाल्या, पण आत जाताना पदरानं स्टूल पुसून गेल्या.

मग दादा म्हणाला, "आण तो कॅमेरा. आता तू उभी राहा. त्या भिंतीपाशी."

"मी कशाला?"

"डावीकडे सरक. अजून. हां. आता हलू नकोस."

ती उभी राहिली. हातात टॉर्च, स्टँड, त्याची पिशवी. दादानं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि थांबला. कशाची तरी वाट बघत होता. आणि एकाएकी त्याच्या भुवया वर गेल्या. तोंड किंचित उघडलं. तिला कळलं, जिन्याच्या गोल झरोक्यातून ऊन आलंय आणि तिच्या मागच्या भिंतीवर उतरलंय. ते कसं आहे, केवढं आहे, सोनेरी की पांढरं, सगळं तिला समोर दिसत होतं. ती वळली नाही. पण डोळे भरून आले, हात वर गेला, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

"हललीस," दादा म्हणाला.

"हलले."

"असू दे. तसाच ठेव."

ऑपरेशनच्या दिवशी बंद दाराबाहेर दोघी बाकावर बसल्या. वहिनी आज कुणाची थट्टा करत नव्हती. मांडीवरच्या दादाच्या चष्म्याची काडी उघडत, मिटत ती पुटपुटली,

"डोंगर पाहू गेली, डोंगराआड ऊन,
भाऊ उभा राहिला, तीच बहिणीची खूण."

मग विचारलं, "जुळलं का हो?"

"जुळलं, वहिनी," ती म्हणाली, आणि वहिनीचा हात हातात धरून बसली.

पट्टी सोडायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. कापूस निघाला. दादानं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खोलीत कुणी हालेना.

"समोर भिंतीवर बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅलेंडर आहे. त्यावर काय दिसतंय?"

तिनं मान वळवली आणि चपापली. तिचाच धबधबा होता. आणि ती नेमकी त्याच्या पुढ्यात उभी होती, पाण्याकडे पाठ करून, हातात दादाचा डबा. ती घाईनं बाजूला व्हायला निघाली.

"थांब," दादा म्हणाला. "पाणी असेल तिथे. बरंच असेल. ते राहू दे." तो डोळा बारीक करून बघत होता. "कडा विरघळल्यासारख्या आहेत डॉक्टर, पण माझी बहीण आहे. जरा डावीकडे सरक गं. अजून. हां. आता हलू नकोस."

ती हलली नाही. त्याच्या भुवया हळूहळू वर चढत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी वाकून त्याच्या डोळ्यात दिवा धरला आणि समाधानानं मान हलवली. तेव्हा मागून वहिनी पुढे झाली, पदर नीट केला आणि म्हणाली, "वन्सं, आता व्हा बाजूला. लग्नातलं राहिलंय माझं."