कामापुरता फोन

चष्मेवाल्यांचं दुकानात एक ठरलेलं वाक्य होतं. "स्वस्तातली काच घ्याल, तर महिन्याभरात माझ्याच दारात परत याल." पण स्वतःवर वेळ आली तेव्हा लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरातला जुना फोन पाण्याच्या बादलीत पडून गेला, तसे ते मोबाइलच्या दुकानात गेले आणि सगळ्यात खालच्या फळीवरच्या फोनकडे बोट दाखवलं.

"वापर कसा आहे, काका?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"अगदी कामापुरता. घरात फोनवर बोलणारा मी एकटाच."

आता काय म्हणावं या माणसाला. बायकोला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. मायलेकी हातांनी बोलायच्या, आणि लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून दर रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर. ते बोलणं यांनी बोलण्यात धरलंच नव्हतं.

फोन तसा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. आवाज खणखणीत, बॅटरी दोन दोन दिवस. फक्त लेकीचे हात हलले की पडद्यावर नुसता चिखल व्हायचा. चित्र अडकायचं, मग चार खुणा गिळून पुढे पळायचं. बायको डोळे बारीक करून बघायची, नवऱ्याची बाही ओढायची. लेकीशी तोंडानं बोलता बोलता हे तिला तळहात दाखवायचे: थांब, नंतर सांगतो. आणि नंतर पाऊण तासाचं बोलणं दोन खुणांत उरकायचे: बरी आहे, वेळेवर जेवते. चौथ्या रविवारी बायको फोनपाशी आलीच नाही. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली, घातलेल्याच पुन्हा मोडून.

नेमका त्याच दिवशी लेकीचा आवाज घोगरा होता.

"आई कुठाय?"

"आत आहे. मला सांग, मी सांगतो तिला."

"नको बाबा. तुम्ही दोन शब्दांत सांगाल. मला आईशीच बोलायचंय." आणि ती रडायला लागली. मेल्या फोनात हुंदकासुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

नोकरी गेली? दुखणंखुपणं? कोणी काही बोललं? "तासाभरानं परत लाव," एवढं चष्मेवाले कसंबसं म्हणाले आणि शर्टाची बटणं लावत लावतच रस्त्याला लागले.

"बिघडला का, काका?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"फोन ठीक आहे. मीच चुकीचं सांगितलं होतं. घरात बोलणाऱ्या आणखी दोघी आहेत. त्या हातांनी बोलतात."

तिनं मधल्या फळीवरचा फोन काढला, कॅमेऱ्यापुढे स्वतःची बोटं भराभरा नाचवून दाखवली. पाचही बोटं वेगळी दिसली. यांनी खालच्या फळीवरचा परत देऊन तो घेतला.

तासाभरानं पडदा उजळला. बायकोला त्यांनी हाताला धरून आणलं. लेकीचे हात हलले, आणि बायको ताठ बसली. मग तिचा हात तोंडावर गेला. मग डोळ्यांना पदर. मग दोघींच्या बोटांना असा वेग आला की यांना, कामापुरत्याच खुणा येणाऱ्या माणसाला, त्यातलं अक्षर कळेना.

"काय झालं? काय म्हणते?" त्यांनी बायकोची बाही ओढली.

पडद्यावरची नजर न काढता बायकोनं त्यांना तळहात दाखवला.

ते उठले, बसले, पुन्हा उठले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मायलेकींचे हात थांबत नव्हते. शेवटी चष्मेवाले आतल्या खोलीत गेले आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले.