दादाचं खोटं घड्याळ

जुन्या घड्याळांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. स्वतःचा संग्रह कपाटभर, आणि कुणाला जुनं घड्याळ घ्यायचं झालं की आधी त्याच्याकडे धाव. तोही भिंग लावून खरं-खोटं करून देई. या शहाणपणाचा त्याला तोरा होता, उगाच लपवायचं कशाला.

अकरा वर्षांपूर्वी थोरल्या भावाने हौसेने एक जुनं घड्याळ घेतलं आणि भरल्या घरात त्याच्यापुढे हात केला. "बघ रे, कसं आहे?" त्याने दादाचं मनगट धरलं, लख्ख तबकडीकडे एकदाच पाहिलं. "दादा, तुला कोणीतरी टोपी घातली. तबकडी रंगवलेली आहे." सगळे हसले. दादाही हसला. त्यानंतर ते घड्याळ दादाच्या हातात कधी दिसलं नाही.

आता दादाला जाऊन दोन महिने झाले होते, आणि वहिनी ते रुमालात गुंडाळून घेऊन आल्या होत्या.

"भावजी, पोरीला बाबांची आठवण म्हणून हे हवंय. खोटं असेल तर तिला आधीच सांगते. बाहेर कोणी हसायला नको."

खोटंच आहे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण वहिनींसमोर निदान बघितल्यासारखं करावं म्हणून त्याने मागचं झाकण उघडलं. आतला नंबर बरोबर होता. यंत्रही त्याच कंपनीचं. त्याने काटे काढले, तबकडी उचलून उलटी केली. मागे कंपनीचा शिक्का. जुनी खराब झाली म्हणून कंपनीनेच कधीतरी नवी बसवली होती, एवढंच. परक्या माणसाचं घड्याळ झाकण उघडल्याशिवाय त्याने कधी खोटं ठरवलं नव्हतं. दादाचं तेवढं ठरवलं होतं. घरचंच तर होतं.



"खरं आहे, वहिनी. पहिल्यापासून खरंच होतं. माझं चुकलं."

वहिनींनी रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"मी कितीदा म्हटलं, दुसऱ्या कोणाला दाखवू या. तर माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, माझ्या भावाने बघितलंय, आता आणखी कोणाला विचारायचं?"

त्याने काटा चिमट्यात धरला, पण डोळे भरून आले आणि भिंगातून काही दिसेना.

"राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या बसवा."