गोमाजीचे पाय

आर्वीच्या मधुकरराव मास्तरांपुढे तुम्ही खुशाल खोटं बोला, ते हसून सोडून देत. पण घोडा खोटा काढला की त्यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि घरी लाकडाचे वीतभर घोडेस्वार करत. बैठकीतल्या फळीवर नागपूरकर भोसल्यांची अख्खी पागा उभी होती. कोणाच्या घरी भिंतीवर कॅलेंडर दिसलं की मास्तर त्यातला सरदार न्याहाळत चहा थंड करत, आणि मग म्हणत, "हा उतरला खाली, तर घोड्याच्या गुडघ्याएवढाही भरणार नाई."

घोड्यांचा कच्चा आकार तानबा सुतार काढून देई. त्याचा जन्म तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदीबैल करण्यात गेलेला, त्यामुळे घोडा करायला घेतला तरी तो पाठीवर वशिंड घेऊनच निघे. मास्तर कानशीने ते घासत बसत आणि तोंडाने तानबाचा उद्धार करत. तानबा शांतपणे म्हणे, "राहू द्या ना बाप्पा, बसनाऱ्याले टेकू होते."

अशात मास्तरांच्या मंदाला कारंज्याच्या भैय्याजींच्या घरचं स्थळ आलं. मुलगा बबनराव उंचीला इतका की मुलगी पाहायला आत येताना त्याचं कपाळ चौकटीवर खाडकन आपटलं. मंदा हसली, कपाळ चोळत तोही हसला, आणि मंदा मनाने तेव्हाच कारंज्याला पोचली. राहिली होती ती मोठ्या माणसांची बोलणी आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

भैय्याजींचं लक्ष मात्र मुलीपेक्षा फळीवरच्या पागेकडे. त्यांचे एक पूर्वज गोमाजी भोसल्यांच्या फौजेत घोडेस्वार होते. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेल्यापासून भैय्याजींजवळ मिरवायला गोमाजीच तेवढे उरलेले, म्हणून ते त्यांना जिवापाड जपत. ते म्हणाले, "मास्तर, आमचे गोमाजी करा. साक्षगंधाच्या दिवशी माझ्या बैठकीत पाह्यजेत. मनासारखे झाले तं मंग पुढचं बोलू."

म्हणाले हसतच, पण मास्तरांची बायको वच्छलाबाई धास्तावली. तिला नवऱ्याचा स्वभाव ठाऊक होता.

मास्तर मोटारीने कारंज्याला गेले. भैय्याजींनी पेटी उघडून गोमाजींचा अंगरखा आणि खोगीर पुढे ठेवलं. अंगरखा मास्तरांनी अंगाला लावून पाहिला तर बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या. गोमाजी म्हणजे ताडमाड माणूस. आणि खोगीर बघावं तर एवढंसं. त्याचा पोटाखालून घ्यायचा पट्टा मास्तरांनी जोडून पाहिला, त्यात एखादं तट्टूच मावलं असतं. भैय्याजींची म्हातारी आत्या रुख्माबाई दारातून म्हणाली, "त्या गोमाजींची तं काय गंमत सांगू मास्तर..."

"आत्या, चहाचं पाहा," भैय्याजी म्हणाले, आणि आत्या आत गेली.

मास्तरांनी घरी येऊन गोमाजी केले. वच्छलाबाई हात पुसत पाहायला आली आणि तिथेच बसली. घोडा बुटका, वर गोमाजी उंचेपुरे, आणि त्यांचे पाय घोड्याच्या पोटाखाली उतरून जमिनीला लागायच्या बेतात आलेले.

"अहो, हे काय करून राह्यले तुम्ही? माणूस घोड्यावर बसला का घोडं माणसाखाली सापडलं?"

"माप आहे ते," मास्तर म्हणाले. "अंगरखा खोटं बोलते का? का खोगीर बोलते? तेव्हा आपल्या भागात तट्टंच होती. मिळंल ते खायची अन् डोंगर चढायची. तुमचे मोठे घोडे सारे कॅलेंडरातले."

"मंग मापाशीच लाऊन द्या पोरीचं लग्न. भैय्याजी म्हणतील, आमच्या गोमाजीले मास्तरनं बकरीवर बसवलं."

वच्छलाबाई खोटं बोलत नव्हती, हे मास्तरांनाही कळत होतं. त्यांनी दुसऱ्या लाकडात गोमाजींचे पाय वर मुडपून पाहिले, तर गोमाजी चुलीपुढे उकिडवे बसल्यासारखे दिसायला लागले. मग नुसते गोमाजीच लहान करून पाहिले, तर जावळ काढायला आणलेलं पोर. मास्तरांनी दोन्ही बाजूला सारले आणि डोकं धरून बसले.

शेवटी मंदाच बोलली. "बाबा, घोडा मोठा झाला तं त्यात कोणाचं काय जाते? मले ते घर पाह्यजे." एवढं बोलली आणि लाजून आत पळाली.

मास्तरांनी तानबाकडून मोठं लाकूड आणलं आणि कॅलेंडरातल्यासारखा घोडा केला, उंच मानेचा, पुढचा पाय उचललेला, आणि वर बेताचे, देखणे गोमाजी. लाकडाशी मास्तर जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून त्यांचं जेवण जे तुटलं ते तुटलंच. खरे गोमाजी त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिले.

साक्षगंध थाटात झालं. मोठ्या घोड्यावरचे गोमाजी पाहून भैय्याजींचे डोळे पाणावले. पुन्हा पुन्हा बघत ते म्हणाले, "मास्तर, वरातीलेही असाच घोडा पाह्यजे. अस्साच. बबन गोमाजीचा वंशज आहे, लोकाइले दिसलं पाह्यजे."

म्हणजे खोटं केलं लाकडाचं, आणि आता ते हाडामांसाचं आणून द्यायची पाळी आली. मास्तरांनी जिकडेतिकडे शोध केला. सरतेशेवटी वर्ध्याचा एक पांढरा घोडा ठरला. लग्नाच्या दिवशी दुपारी निरोप आला की घोड्याचा पाय दुखावला, तो येत नाही. आर्वीत उरलं पुनाजी टांगेवाल्याचं तट्टू. पुनाजीने त्याला माळा घातल्या, कपाळावर आरसा बांधला आणि जानोशासमोर, जिथे वऱ्हाड उतरलं होतं तिथे, आणून उभं केलं.

"हे काय आहे?" भैय्याजींनी विचारलं.

"घोडाच आहे जी," पुनाजी म्हणाला.

बबनराव बिचारा मुकाट्याने वर बसला. बसला तसे त्याचे नवे जोडे दोन्ही बाजूंनी धुळीला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. वाजंत्री थांबली.

"उतर, बबन," भैय्याजी म्हणाले. "मालगुजारी गेली, अब्रू नाई गेली अजून. गोमाजीचा वंशज बकरीवर बसून जाणार नाई. घोडा आणा, नाई तं वरात चालली कारंज्याले परत."

लग्न गोरज मुहूर्तावर, आणि ऊन तर केव्हाच कलायला लागलेलं. इकडे मांडवात बातमी पोचली. मंदा हळद लागलेल्या अंगाने भिंतीला टेकून बसली होती. मास्तर तिच्यासमोरून आत गेले, कपाटावरचं गाठोडं काढलं आणि तसेच जानोशाकडे निघाले. वाटेत त्यांच्या मनात आलं, हे दाखवलं तर आधीचं खोटं उघडं पडणार आणि उरलंसुरलंही जाणार. पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, आणि दुसरा इलाज तर नव्हताच.

त्यांनी फडकं सोडलं आणि मूर्ती भैय्याजींच्या हातात ठेवली. "हे तुमचे गोमाजी. तुमच्याच अंगरख्याच्या अन् खोगिराच्या मापाचे. बैठकीतले आहेत ना, ते तुम्हाले खूश कराले केले. पोरीसाठी खोटं केलं, भैय्याजी. रागवायचं तं माझ्यावर रागवा, पोरीचा मुहूर्त नका चुकवू."

भैय्याजींनी लाकडाकडे पाहिलं, मग अजून तट्टावरून न उतरलेल्या मुलाकडे पाहिलं. तेच खांदे, तेच बुटकं जनावर, आणि पाय तसेच खाली लोंबलेले. तेवढ्यात छकड्यातून रुख्माआत्या उतरली, वाकून मूर्ती पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगा माय, हे तं आपले गोमाजी. माही आजी सांगे, नदी उतरताना घोड्याच्या पोटाआधी गोमाजींचे जोडे ओले होत. म्हणून ते जोडे गळ्यात अडकवून लढाईले जात. हेच सांगत होती मी मास्तराले, तं तू मले चहा पाहाले धाडलं."

सगळी वरात भैय्याजींच्या तोंडाकडे बघत उभी. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि वाजंत्रीवाल्यांवर खेकसले, "झोपले का रे? वाजवा. बबन, ताठ बस. पाय वर घेऊ नको अजिबात. आमच्या घराण्यात घोड्यावर असंच बसतात."

वरात निघाली. भैय्याजी मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरून पुढे चालले आणि जो भेटेल त्याला आधी गोमाजींचे पाय दाखवत होते, मग मुलाचे. मांडवाच्या दारी बबनरावाला उतरावंही लागलं नाही. त्याने दोन्ही पाय जमिनीला टेकले, सरळ उभा राहिला, आणि तट्टू त्याच्या खालून निघून पुढे कडब्याच्या पेंढीकडे गेलं. अंतरपाटाआड मंदाला हसू आवरेना, भटजींनी दोनदा दटावलं.

पंगतीला दोघे व्याही शेजारी बसले. मास्तरांना कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. भैय्याजी त्यांच्या कानाशी झुकून म्हणाले, "व्याही, बैठकीतल्या त्या मोठ्या घोड्यावर मंग कोण बसला आहे?"

"कोणी नाई. लग्न जमेपर्यंत बसवला होता."

भैय्याजी गालातल्या गालात हसले. "काऊन भ्याले इतके? अहो, पोरगी आता आमची झाली. आतापासून खरं तेच बोलत जा माझ्याशी."

"नक्की?"

"गोमाजींची आण."

मास्तरांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी भात कालवता कालवता व्याह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग सांगतोच. हा तुमचा फेटा आहे ना, तो डोक्याच्या मानानं..."

वच्छलाबाई मागेच जिलबीचं ताट घेऊन उभी होती. तिने पुढचं ऐकलं नाही. चार माणसांदेखत नवऱ्याच्या तोंडात जिलबी कोंबली आणि म्हणाली, "खा आधी. पोरगी सासरी पोचू द्या, मंग बोला."