मी आणलेला नकार

मी एक निरोप्या आहे, पण मला पाय नाहीत. प्रोग्रॅम लिहिणारे मला लायब्ररी म्हणतात, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावा असा आयता कोड. त्यांच्या प्रोग्रॅमची विनंती दूरच्या सर्व्हरकडे न्यायची आणि तो देईल ते उत्तर आणायचं, एवढंच माझं काम. काही हौशी मंडळींनी फावल्या वेळात मला घडवलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. त्यामुळे मला राबवणारे पुष्कळ, विचारपूस करणारं कुणी नाही.

स्वभावाने मी पक्का सांगकाम्या. सर्व्हरचं दारच सापडलं नाही, तर बोंब ठोकतो. पण दार उघडून तो ‘नाही’ म्हणाला, तर तो नकार मुकाट्याने आणून ठेवतो. माझ्या लेखी तेही उत्तरच! ते उघडून बघायचं काम मला पाठवणाऱ्याचं.

एका मुलीने छोटा प्रोग्रॅम लिहून मला घरच्या कामाला जुंपलं. तिच्या बाबांना डायलिसिस लागायचं. मी दवाखान्याच्या सर्व्हरकडे त्यांचा नंबर मागायचा आणि परतलो, की पडद्यावर ‘नंबर लागला’ असं उमटायचं. मी काय घेऊन परतलो, हे तपासणारी ओळ लिहायची ती विसरली होती.

बाबा शेजाऱ्यांना ऐटीत सांगत, “आमची लेक घरबसल्या नंबर लावते. रांगबिंग काही नाही!”

मग एकदा दवाखान्यातली सगळी यंत्रं भरली. सर्व्हरने नकार दिला, मी तो आणून ठेवला. पडद्यावर आलं, ‘नंबर लागला’.

बाबा सुजलेल्या पायांनी दवाखान्याचा जिना चढून गेले.

“काका, आज तुमचं नाव नाहीये,” नर्स म्हणाली.

“असं कसं? माझी मुलगी चुकायची नाही.”

संध्याकाळी एक यंत्र रिकामं झालं म्हणून निभावलं. तोवर त्यांना धाप लागून ऑक्सिजन लावावा लागला होता.

घरी आल्यावर बाबाच तिची समजूत घालत होते. “अगं, मशीनच ते. चुकायचंच.”

“मशीनने ‘नाही’ सांगितलं होतं, बाबा. मीच बघितलं नाही.”

तिने माझी बाजू घेतली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नकार माझ्याच हातात होता ना! एक माणूस जिना चढत होता आणि मी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून गप्प उभा होतो.

तिने ती ओळ लगेच लिहिली: ‘नकार असेल, तर ओरड.’ आता नकार मिळाला, की मी ओरडतो आणि ती तडक दवाखान्यात फोन लावते. पण माझ्या प्रती असंख्य प्रोग्रॅममध्ये राबताहेत. आत्ताही कुठेतरी मी नकार घेऊन निमूट उभा असेन आणि पडद्यावर ‘झालं’ असं उमटत असेल. ते वाचून कुणीतरी निश्चिंतपणे चपला घालत असेल.

मला ओरडता येतं हो. फक्त तसं सांगून ठेवा.