पंपहाऊसमधला दादा

दादा बावीस वर्षं तक्रार विभागात होता. लोकांचं ऐकून घेणं हीच नोकरी. निवृत्त झाला त्याच दिवशी त्यानं जाहीर केलं की आता माणूस नको, आणि टेकडीवरच्या बंद पंपहाऊसमध्ये राहायला गेला. मला अट घातली: दर रविवारी सामान आणि घरचा डबा खालच्या पायरीवर ठेवायचा, आधीचा रिकामा उचलायचा, आणि वर बघायचंसुद्धा नाही. मी धाकटा. जन्मापासून त्याच्या अटीच पाळतोय.

तीन वर्षं डबा घासूनपुसून परत येत होता. म्हणजे दादाचं ठीक चाललं होतं. अलीकडे तर भोपळाही संपायला लागला. आई माझ्या बायकोला म्हणाली, "बघ गं, एकटा राहून सुधारला."

मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आईचे फार तर पंधरा दिवस. आईला फक्त दादाला बघायचं होतं.

अट मोडून मी वर गेलो. दार एका अनोळखी दाढीवाल्यानं उघडलं.

"दादा?"

"तो गेला. वर्ष होईल. म्हणाला, इथं फार वर्दळ आहे."

"इथं? कसली वर्दळ?"

"दर रविवारी कुणीतरी येतं म्हणे."

ते कुणीतरी म्हणजे मी.

"कुठं गेला?"

"विचारलं नाही. विचारपूस करायची असती तर खालीच राहिलो असतो."

"आणि डबा?"

"मी खातो. चांगला असतो. मीठ जरा कमी चालेल."

मी चिडायला हवं होतं. पण वर्षभर इमानानं डबा घासणाऱ्यावर चिडणार तरी कसं? उलट मी हातच जोडले. म्हटलं, आईला आता नीट दिसत नाही. दहा मिनिटं खाटेपाशी येऊन बसा, बोलूही नका.

त्यानं दाराची कडी धरली. "माझी आई गेली तेव्हा मी उतरलो नाही," म्हणाला. "तुमच्या आईसाठी कोणत्या तोंडानं उतरू?"

आणि त्यानं दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता.

घरी आई केस विंचरून घेऊन, उशीला टेकून बसली होती. खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. तेही जमलं नाही.

"आई, दादा तिथं नाही गं. कुठं आहे, कुणालाच माहीत नाही."

आई चक्क हसली. "त्यानंच पढवलंय ना तुला? लहानपणीही त्याच्या लपायच्या जागा कधी सांगायचा नाहीस."

"आई, तुझी शपथ."

"पुरे रे." ती दमून आडवी झाली. "जा, सांग त्याला. आई हरली म्हणावं. आता ये म्हणावं बाहेर."

मी चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.