बोर्ड बोलेपर्यंत

"अगं, दाबू नकोस. नुसती टेकव."

"टेकवलीच आहे. तुम्ही जरा मागे सरा, उजेड अडतोय."

शिवणाची सुई घेऊन बायको नव्या मदरबोर्डवर ओणवी झाली होती. आली होती ती नवऱ्याला जेवणाचा डबा द्यायला, पण डबा तसाच बाजूला पडला होता. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ आणि या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक, माल आणायला बाहेर गेला होता. तो परत यायच्या आत हे निस्तरायचं होतं.

बोर्डवर प्रोसेसर बसवायची एक चौकोनी जागा असते. तिच्यात केसासारख्या बारीक पिना दाटीवाटीने उभ्या असतात. प्रोसेसर वरून अलगद सोडला की आपल्या वजनानेच बसतो, जोर लावायचा नाही. हे काम त्याने आजवर गप्पा मारत केलं होतं. आज मात्र हात थरथरला, प्रोसेसरचा कोपरा आत पडला आणि चार-पाच पिना आडव्या झाल्या.

बाजारात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. गेलेले बोर्ड उठवायचा ना! आता डॉक्टरनेच दुखणं घेऊन कुणाकडे जावं? तरी तो गेला होता. खऱ्या डॉक्टरने सरळ सांगितलं, गोळ्यांनी थोडा आराम पडेल, पण कंप वाढतच जाईल. बायकोला हे बशीत सांडणाऱ्या चहावरून आधीच कळलं होतं. दादाला मात्र त्याने पत्ता लागू दिला नव्हता. टेबलाच्या कडेला मनगट टेकवून तो वेळ मारून नेत होता. ही दुरुस्तीची खुर्ची गेली की आपल्याकडे दुसरं काहीच उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ही झाली. ही पण झाली," बायको भिंगातून बघत म्हणाली. हात तिचा दगडासारखा स्थिर. त्याला तिचं कौतुकही वाटलं आणि, खोटं कशाला बोला, थोडा रागही आला.

शेवटची पीन सरळ होता होता मोडली.

"माझ्यामुळे मोडली का हो?"

"नाही. वाकली तेव्हाच ती कामातून गेली होती. पण कधी कधी एका पिनेवाचून अडत नाही. बघू."

प्रोसेसरही त्याने तिच्याकडूनच बसवून घेतला. मग वरचा पंखा, रॅमची एक पट्टी, विजेच्या तारा. नवा बोर्ड एकदम कॉम्प्युटरच्या पेटीत कोंबायचा नाही, अशी त्यांच्या दुकानाची रीत होती. तो त्याच्याच खोक्यावर ठेवायचा आणि दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून जागा करायचा. त्या वेळी दुकानात कुणी बोलत नसे. एकदा बारीक 'पीप' वाजलं की बोर्ड बोलला म्हणायचं. दुकान उघडल्यापासून ते टोक लावायचा मान त्याचाच होता.

त्याने टोक लावलं. बोर्डवरचा पंखा गरगरला. तेवढ्यात दादा दारात आला, भावाच्या हातात स्क्रूड्रायव्हर बघितला आणि सवयीने भिंतीवरचा पंखा बंद करून गप्प उभा राहिला.

तिघं वाट बघत राहिले. बोर्ड बोलला नाही. त्या शांततेत एकच आवाज येत होता, टक टक टक. स्क्रूड्रायव्हर खोक्याच्या कडेवर आपटत होता. त्याने हात आवरायचा प्रयत्न केला तसा तो आवाज वाढला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने जवळ येऊन स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"दादा, पीन माझ्या हातून मोडली," बायको म्हणाली.

"तू डबा द्यायला आली होतीस, बाई," दादा म्हणाला. मग तो भावाकडे वळला. "सांगायचं तरी होतंस. मी काय परका होतो?"

दादाने स्क्रूड्रायव्हर खणात ठेवून दिला.

"उद्यापासून काउंटरवर बस. बसून काम आहे. गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचे, बिलं लिहायची. इथलं मी बघतो, जमेल तसं."

दादाने हे मायेनेच सांगितलं होतं. बिलं लिहायची, हे ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर बसला, उजवा हात मांडीखाली दाबून. मागे दादा चष्मा लावून नवा बोर्ड मांडत होता. भिंतीवरचा पंखा बंद झाला तेव्हा त्याला वळून न बघताच सगळं कळलं. समोरचं गिऱ्हाईक काही विचारणार होतं, त्याला त्याने डाव्या हाताने थांबवलं.

पीप.

"बोलला रे!" दादा म्हणाला. आवाजात आनंद होता, आणि मग तो एकदम ओशाळून गप्प झाला.

"झालं वाटतं सुरू," गिऱ्हाईक म्हणालं. "मला या कीबोर्डचं बिल द्या, काका."

त्याने बिलबुक फिरवून गिऱ्हाइकापुढे सरकवलं.

"नाव तुम्हीच लिहा. आम्ही लिहिलं की हमखास चुकतं."

गिऱ्हाईक हसलं. त्याने नाव लिहिलं. "आणि रक्कम?"

"तीही लिहून टाका."

शिक्का तेवढा त्याने मारला, दोन्ही हातांनी धरून. तो जरा तिरका उमटला.