वुआहांगीची तोंडी परीक्षा

"इथलं जेवण आवडतं ना तुला?" पंग सरांनी विचारलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतला हा तिसरा प्रश्न. आधीचे दोनही असेच होते.

मादागास्करहून चीनमध्ये एम.ए.ला आलेली वुआहांगी टेबलापलीकडे उभी होती. "सर, सकाळी वेईच्या परीक्षेत तुम्ही तिला घाम फोडलात. मला जेवणाचं विचारता."

"अगं, वेई इथलीच. तू पाहुणी. एवढ्या लांबून येऊन आमची भाषा बोलतेस, हेच पुष्कळ."

"तीन वर्षं कुणी पाहुणी राहतं का? मला प्रश्न विचारा, सर."

पंग सर हसले. जुलैत तिला मादागास्करच्या विद्यापीठात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पदवी वेळेत मिळणं भाग होतं, हे आम्हा तिघा परीक्षकांना ठाऊक होतं. परदेशी विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी असंच सोडून देत आलो. मीही. एवढ्या वर्षांत अशा परीक्षेत मी तोंड उघडलं नव्हतं. आपल्याला काय कळतं, असंच मला वाटत आलं आहे.

तिचा विषय होता पश्चिम हूनानच्या डोंगरात लग्नाआधी नवरी रडत म्हणते ती गाणी. मी त्याच डोंगरातला. प्रबंधात चाळीस गाणी होती, सगळी आईबापांच्या मायेची.

आज मात्र मी विचारलं. "यात शिव्या कुठे आहेत? माझ्या बहिणीनं गाण्यात लग्न जुळवणारीचं मढं कुत्र्यांपुढे टाकलं होतं. शिव्यांशिवाय हे रडणं पुरं होत नाही."

"तान, पुरे की," पंग सर कुजबुजले.

वुआहांगीनं पानं चाळली. पुन्हा चाळली.

"नाहीत," ती म्हणाली. "गाणाऱ्या आज्यांनी मला चांगली खुर्ची दिली, साखरपाण्यातली अंडी दिली. आणि परक्या माणसासमोर म्हणावं तेवढंच म्हटलं."

"किरकोळ आहे," पंग सर म्हणाले. " एक तळटीप टाक. उत्तीर्ण."

"वेईला असं सोडलं असतंत?"

पंग सर समोरचे कागद आवरू लागले.

"मग मलाही नको."

"नोकरी जाईल, पोरी," पंग सर म्हणाले.

"जाऊ दे."

शेऱ्याचा कागद माझ्यापुढे आला. मी लिहिलं: सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. तिसऱ्या परीक्षक लिऊबाई. त्यांनी माझ्याकडे न बघता खाली सही केली. पंग सर त्यानंतर जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघत जातात. मी बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. सप्टेंबरात वुआहांगीचा डोंगरातून फोन आला.

"सर, शिव्यांची बारा गाणी झाली. तुमच्या बहिणीपेक्षा वाईट..."

मागून एक म्हातारी ओरडली, "ए, तो फोन ठेव आधी. डुकरांचं खाणं काय तुझा बाप शिजवणार?"

"आले, आजी," ती म्हणाली, आणि माझा निरोपही न घेता तिनं फोन ठेवला.